मधली पायरी

अमेरिकेत गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था १९५८ पासून लोकांना एक प्रश्न विचारत आली आहे. शब्द काळानुसार थोडे बदलले, गाभा तोच राहिला: तुमच्या पक्षाने अध्यक्षपदासाठी एकंदरीत पात्र अशा माणसाला उमेदवारी दिली आणि तो कृष्णवर्णीय असला, तर तुम्ही त्याला मत द्याल का? १९५८ साली ३८ टक्के लोक ‘हो’ म्हणाले होते. २०२० साली ९६ टक्के म्हणाले. साठ वर्षांत एका देशाचं मन इतकं बदलावं, ही मोठी गोष्ट आहे आणि ती कमी लेखायचं कारण नाही.

पण या प्रश्नात दोन गोष्टी आयत्या ठरवून दिलेल्या आहेत. ‘तुमच्या पक्षाने उमेदवारी दिली’ ही पहिली. म्हणजे सगळ्यात अवघड भाग उरकला, असं धरून प्रश्न सुरू होतो. ‘एकंदरीत पात्र’ ही दुसरी. म्हणजे कोण पात्र आणि कशाने पात्र, हा वादही आधीच मिटलेला. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या उजव्या, परंपरावादी मतदाराची खरी परीक्षा या दोन ठिकाणीच होते. उमेदवारी देणारा तोच असतो, कारण तिथे तिकीट दिल्लीहून येत नाही, प्रायमरी आणि कॉकस या पक्षांतर्गत मतदानांत मतदार ते देतो. आणि पात्रतेचं माप कोणतं लावायचं हेही तोच ठरवतो.

कायद्यात अध्यक्षाची पात्रता एका ओळीत संपते: जन्माने नागरिक, वय किमान ३५, देशात किमान १४ वर्षं वास्तव्य. बाकी सगळी पात्रता मतदारांच्या डोक्यात असते. रिपब्लिकन पक्षात ती बराच काळ एका शिडीसारखी होती. आधी राज्यात निवडून यायचं, मग गव्हर्नर किंवा सिनेटर व्हायचं, मग देशभर हिंडायचं. रेगन, धाकटे बुश, मिट रॉम्नी हे तिघेही गव्हर्नरपदावरून आले. (तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो निवडून येतो, राज्याचा अर्थसंकल्प मांडतो आणि विधेयकं नाकारू शकतो. आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचं पद.) या शिडीकडे पुन्हा यावं लागेल.

आधी नोव्हेंबरच्या मतदानाबद्दल. नोव्हेंबरमध्ये मुख्य निवडणूक होते तेव्हा उमेदवाराचा रंग फारसा काही सांगत नाही, कारण तिथे पक्षाचा शिक्का चालतो. आपल्याकडे महापालिकेच्या प्रभागात ‘पॅनेल टू पॅनेल’ मतदान म्हणतात, तसंच ते. मतदार वरून खालपर्यंत एकाच पक्षाची नावं भरत जातो. त्यामुळे ‘अमुक राज्यातल्या गोऱ्या रिपब्लिकनांपैकी इतक्या जणांनी कृष्णवर्णीय रिपब्लिकनाला मत दिलं’ हा आकडा दाखवून कुणी वर्णद्वेष संपल्याचा निष्कर्ष काढला तर तो घाईचा आहे. आणि तो उमेदवार पडला म्हणून उलटा निष्कर्ष काढला, तर तोही तितकाच घाईचा. एकटा आकडा मुका असतो. तो कशाच्या शेजारी ठेवला, यावर सगळं अवलंबून आहे.

लोक चाचणीत खरं बोलतात का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. १९८२ साली लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते. चाचण्या त्यांना पुढे दाखवत होत्या आणि ते थोडक्यात हरले. १९८९ साली व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर चाचण्यांमध्ये बरेच पुढे होते. ते जिंकले, पण सात हजारांहूनही कमी मतांनी. दोघेही डेमोक्रॅट, दोघेही कृष्णवर्णीय. तेव्हापासून ‘ब्रॅडली परिणाम’ हा शब्द रूढ झाला: विचारणाऱ्यासमोर वाईट दिसू नये म्हणून लोक हो म्हणतात आणि पडद्याआड वेगळं करतात. ब्रॅडलींच्या बाबतीत टपालाने आलेल्या मतांचा हिशेब चुकला होता, हेही कारण होतंच.

असं लपवलेलं उत्तर काढून घ्यायची एक साधी युक्ती संशोधकांनी शोधली. लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. पहिल्या गटासमोर तीन गोष्टी ठेवायच्या: पेट्रोलवरचा कर वाढणं, खेळाडूंना कोट्यवधी डॉलरचे करार मिळणं, कंपन्यांनी प्रदूषण करणं. विचारायचं एवढंच की यातल्या किती गोष्टींचा राग येतो. कोणत्या, ते सांगायचं नाही, फक्त आकडा. दुसऱ्या गटाला याच तीन आणि चौथी जास्तीची: शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब राहायला येणं. समजा पहिल्या गटाची सरासरी २.० आली आणि दुसऱ्याची २.३. चिठ्ठ्या प्रामाणिकपणे टाकल्या असतील तर हा ०.३चा फरक चौथ्या गोष्टीमुळेच आला, म्हणजे सुमारे ३० टक्के लोकांना तिचा राग येतो. एकाही माणसाला तोंडाने कबूल करावं लागलं नाही. ही युक्ती फसते तीही ठरावीक जागी. पहिल्या तीन गोष्टी सगळ्यांना राग आणणाऱ्या निघाल्या, तर दुसऱ्या गटात ‘चार’ म्हणणाऱ्याचं पितळ उघडं पडतं, आणि हे त्याला कळत असल्यामुळे तो तीनच म्हणतो. शिवाय दोन सरासरींच्या वजाबाकीत चूक मोठी येते. त्यामुळे पाचशे माणसं पुरत नाहीत, काही हजार लागतात. १९९०च्या दशकात हा प्रयोग झाला तेव्हा दक्षिणेतल्या गोऱ्यांमधला राग उघड कबुलीपेक्षा बराच जास्त निघाला होता. म्हणून ९६ टक्क्यांचा आकडा वाचताना थोडं थांबावं.

चाचणीपेक्षा मतपेटी बरी, असं माझं मत आहे. फक्त ती वाचायची पद्धत नीट हवी. एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर, त्याच मतदारांनी त्याच पक्षाच्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय उमेदवाराला किती मतं दिली, हे शेजारी शेजारी ठेवून बघावं. अशी एक मतपत्रिका जवळून बघण्यासारखी आहे.

नोव्हेंबर २०१९, केंटकी. डोंगराळ, ग्रामीण, बहुसंख्य गोरं आणि अध्यक्षपदाला रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेलं राज्य. गव्हर्नरपदाच्या रकान्यात रिपब्लिकन उमेदवार मॅट बेव्हिन. गोरे, आणि त्या वेळी सत्तेवर असलेले. शिक्षकांच्या निवृत्तिवेतनावरून त्यांनी शाळांशी उभा दावा मांडला होता. काही ओळी खाली ॲटर्नी जनरलपदाच्या (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या) रकान्यात डॅनियल कॅमरन. तिशीतला कृष्णवर्णीय वकील, सिनेटमधले तेव्हाचे रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनल यांचा पूर्वीचा कायदेशीर सल्लागार. मोजणी झाली तेव्हा बेव्हिनना ४८.८ टक्के मिळाले आणि ते अँडी बेशियर यांच्याकडून हरले. कॅमरनना जवळपास ५८ टक्के मिळाले. सत्तर वर्षांहून अधिक काळ हे पद रिपब्लिकनांना मिळालं नव्हतं, ते कॅमरननी मिळवलं. म्हणजे एक लाखाहून अधिक केंटकीवासीयांनी वरच्या ओळीत गोऱ्या रिपब्लिकनाला वगळून खालच्या ओळीत कृष्णवर्णीय रिपब्लिकनासमोर खूण केली.

साउथ कॅरोलायनात असंच २०१६ साली झालं. त्या वर्षीच्या जुलैत कृष्णवर्णीय रिपब्लिकन सिनेटर टिम स्कॉट यांनी सभागृहात उभं राहून सांगितलं की निवडून आलेला लोकप्रतिनिधी असूनही एका वर्षात पोलिसांनी त्यांची गाडी सात वेळा थांबवली. त्यांच्या राज्यातल्या रिपब्लिकन मतदारांना ऐकायला सोपं जाणारं हे भाषण नव्हतं. चार महिन्यांनी त्याच मतदारांनी स्कॉटना ६० टक्क्यांहून थोडी अधिक मतं दिली. त्याच मतपत्रिकेवर डोनाल्ड ट्रम्प ५५ टक्क्यांच्या आसपास होते. आणि हे तेच स्कॉट, ज्यांनी २०१० मध्ये काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या जागेसाठी पक्षाच्या प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत पॉल थरमंड यांना ६८ विरुद्ध ३२ असं हरवलं होतं. पॉल हे स्ट्रॉम थरमंड यांचे चिरंजीव, आणि स्ट्रॉम यांनी १९५७ साली नागरी हक्क विधेयक अडवण्यासाठी सिनेटमध्ये चोवीस तासांहून अधिक काळ सलग भाषण केलं होतं. चार्ल्सटनच्या ज्या किनाऱ्यावर यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली, तो भाग तेव्हा याच मतदारसंघात येत होता.

जॉर्जियाचा २०२२चा निकाल आणखी वेगळ्या कारणासाठी उपयोगी आहे. तिथे सिनेटच्या लढतीत दोन्ही मुख्य उमेदवार कृष्णवर्णीय होते: डेमोक्रॅट पाद्री राफेल वॉरनॉक आणि रिपब्लिकन हर्शेल वॉकर, पूर्वीचे नामांकित फुटबॉलपटू. दोन्ही बाजूंना तोच रंग असल्यामुळे पात्रतेचा हिशेब बऱ्यापैकी एकटा दिसतो. त्याच दिवशी गव्हर्नरपदाला रिपब्लिकन ब्रायन केम्प यांना २१ लाखांवर मतं पडली. वॉकरना १९ लाखांच्या थोडी वर. जवळपास दोन लाख माणसं केम्प यांच्याजवळ थांबली आणि वॉकर यांच्यापर्यंत आली नाहीत. वॉकर कधी कोणत्याही पदावर निवडून आले नव्हते, आणि खासगी आयुष्यातले आरोप प्रचारभर गाजत होते. १९ लाखांनी पक्ष बघितला, दोन लाखांनी माणूस बघितला. मला यातले दोन लाख जास्त बोलके वाटतात, कारण परंपरावादी मतदार पात्रतेचं वजन करतो आणि त्यासाठी पक्षाची जागा घालवायलाही तयार होतो, हे त्यांनी दाखवलं.

आता अध्यक्षपदाकडे. इथे प्रायमरीत पक्षाचा शिक्का सगळ्यांवर सारखाच असतो, म्हणून तुलना उमेदवारांच्या गल्लीतल्या गल्लीत करावी लागते. सारखेच विचार, सारखेच श्रोते, रंग वेगळा.

ॲलन कीज या कृष्णवर्णीय रिपब्लिकन उमेदवाराबद्दल मराठी वाचकांना एक गोष्ट माहीत असायला हरकत नाही. १९७९ साली अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत त्यांची नेमणूक मुंबईच्या वकिलातीत झाली होती. तेव्हा ही वकिलात ब्रीच कँडीला समुद्राकाठी, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात होती आणि त्या इमारतीचं नाव होतं लिंकन हाउस. लिंकन हे रिपब्लिकन पक्षाचे पहिले अध्यक्ष. आजही त्या पक्षाच्या जिल्हा आणि राज्य शाखा निधी गोळा करायला ‘लिंकन डिनर’ भरवतात. कीज यांची कागदावरची पात्रता बघा: हार्वर्डची शासनशास्त्रातली डॉक्टरेट, संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत अमेरिकेचे राजदूत, नंतर रेगन यांच्या काळात परराष्ट्र खात्यात सहायक मंत्री. निवडून मात्र कधी आले नाहीत. मेरीलँडमधून सिनेटसाठी १९८८ आणि १९९२ मध्ये लढले, दोन्हीदा पडले.

२००० साली ते आयोवाच्या कॉकसमध्ये उतरले. रिपब्लिकनांचं कॉकस म्हणजे हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी शाळेत, चर्चमध्ये, सभागृहात जमायचं. प्रत्येक उमेदवारातर्फे एक कार्यकर्ता दोन-तीन मिनिटं बोलतो, मग कोऱ्या चिठ्ठ्या वाटतात, त्यावर नाव लिहायचं, घडी घालून द्यायची, तिथेच मोजायची. डेमोक्रॅट मंडळी अनेक वर्षं उघडपणे गटागटाने उभं राहून मोजणी करत. रिपब्लिकनांची चिठ्ठी गुप्त असते, शेजाऱ्याच्या धाकाने लिहिलेली नसते, म्हणून तिला माझ्या लेखी जास्त किंमत आहे. त्या रात्री बुश ४१ टक्के, स्टीव्ह फोर्ब्स ३०, आणि तिसरे कीज, १४ टक्के. चौथे होते गॅरी बाउअर. तेही रेगन यांच्या प्रशासनातले, तेही गर्भपाताच्या विरोधावर उभे, त्यांनीही कधी निवडणूक जिंकलेली नव्हती. फरक एवढाच की ते गोरे होते. त्यांना साडेआठ टक्के मिळाले. युटाचे ज्येष्ठ सिनेटर ऑरिन हॅच यांना एक टक्का. भक्कम धार्मिक, ग्रामीण, जवळपास पूर्ण गोऱ्या मतदारवर्गाने एकाच गल्लीतल्या दोघांपैकी कृष्णवर्णीयाला जास्त चिठ्ठ्या दिल्या. कीज यांचं वक्तृत्व त्यामागे होतं. चर्चमधल्या प्रवचनाची लय आणि राज्यघटनेतली कलमं ते एकाच वाक्यात आणत.

सोळा वर्षांनी बेन कार्सन यांच्या बाबतीत हेच चित्र दिसतं. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बालमेंदूशल्यविभागाचे प्रमुख. १९८७ मध्ये डोक्याने जुळलेल्या जर्मन जुळ्यांना सत्तर जणांच्या चमूसह सुमारे बावीस तासांच्या शस्त्रक्रियेत वेगळं करणारे शल्यविशारद. २०१६च्या आयोवात ते चौथे आले, नऊ टक्क्यांच्या थोडे वर. त्याच धार्मिक गल्लीत माइक हकबी होते, आर्कान्सॉचे माजी गव्हर्नर आणि २००८ साली आयोवाच जिंकलेले. त्यांना दोन टक्केही मिळाले नाहीत. २०१२चे विजेते रिक सॅंटोरम यांना एक टक्का.

मग हे उमेदवार पुढे का जात नाहीत? इथे नुसता रंग बघून भागत नाही, यंत्रणा उघडून बघावी लागते.

अध्यक्षपदाची मोहीम ही आधी कागदपत्रांची आणि माणसांची मोहीम असते. पाच हजार डॉलरपेक्षा जास्त जमवले किंवा खर्चले की निवडणूक आयोगाकडे नोंदणी. मग पन्नास राज्यांत मतपत्रिकेवर नाव आणायचं, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. २०१२ साली व्हर्जिनियात दहा हजार सह्या लागत होत्या आणि त्यातल्या अकरा मतदारसंघांतून प्रत्येकी किमान चारशे. न्यूट गिंग्रिच आणि टेक्ससचे तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी यांच्यासारखे मुरलेले नेतेही त्यात अडकले. नाव छापलं गेलं फक्त रॉम्नी आणि रॉन पॉल यांचं. सह्या गोळा करणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत आधीपासून असावी लागतात, आणि ती असतात ज्याने पूर्वी राज्यभर निवडणूक लढवून जिंकलेली असते त्याच्याकडे.

२०१२च्याच शर्यतीतले कृष्णवर्णीय उमेदवार हर्मन केन यांचं गाडं इथेच रुतलं. मोअरहाउस कॉलेजात गणित, पर्ड्यू विद्यापीठात संगणकशास्त्र, नौदलासाठी क्षेपणास्त्रांच्या मार्गाचं गणित, मग बर्गर किंगच्या फिलाडेल्फिया विभागातली शेकडो दुकानं, मग तोट्यातली गॉडफादर्स पिझ्झा सांभाळणं, पुढे कॅन्सस सिटीच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाचं अध्यक्षपद. उद्योगातली ही पात्रता अव्वल होती. सप्टेंबर २०११ मध्ये ओरलँडोला फ्लोरिडातल्या पक्षप्रतिनिधींची चाचणी झाली, त्यात केन ३७ टक्के, पेरी १५, रॉम्नी १४. ऑक्टोबरमध्ये काही राष्ट्रीय चाचण्यांतही ते पहिले होते. नऊ-नऊ-नऊ ही त्यांची करयोजना कुणालाही तोंडपाठ होण्यासारखी: व्यवसायावर ९ टक्के, वैयक्तिक उत्पन्नावर ९, आणि देशपातळीवर नवा विक्रीकर ९. अडचण तिसऱ्या नवात होती. ज्याची सगळी कमाई किराणा-कपड्यात जाते त्याला विक्रीकर सगळ्यात जास्त लागतो, आणि शिवाय राज्याचा विक्रीकर वेगळा आहेच. इतर उमेदवारांनी वादचर्चेत हाच धागा ओढला. आघाडीवर असताना महिनाभर केन पुस्तकाच्या दौऱ्यावर होते, आयोवात कार्यालयं तोकडी होती. नोव्हेंबरमध्ये मिलवॉकीच्या संपादकांसमोर लिबियावर बोलताना ते कॅमेऱ्यापुढे अडखळले. त्याच सुमारास स्त्रियांनी केलेले लैंगिक छळाचे आरोप बाहेर आले. केन यांनी ते नाकारले, पण ३ डिसेंबरला मोहीम थांबली.

कार्सन यांच्याकडे पैसा होता. २०१५च्या तिसऱ्या तिमाहीत दोन कोटी डॉलर जमले, तेही बहुतांशी छोट्या देणगीदारांकडून. पण खर्चाचा मोठा वाटा पुन्हा देणग्या मागण्याच्या पत्रांवर आणि फोनवरच गेला. असा पैसा कागदावर भरपूर दिसतो, गावात मात्र माणूस उभा करत नाही. ऑक्टोबर संपताना आयोवाच्या चाचण्यांत ते पुढे होते. १३ नोव्हेंबरला पॅरिसवर दहशतवादी हल्ला झाला, आणि मतदारांनी एका रात्रीत प्रश्न बदलला. शांत स्वभाव, श्रद्धा, कष्टातून वर आलेलं आयुष्य हे माप बाजूला पडलं, आणि सुरक्षेवर कोण ठामपणे बोलतो हे माप पुढे आलं. कार्सन यांच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

ज्याच्याकडे ते उत्तर नक्की होतं, तो माणूस वीस वर्षांपूर्वी न लढताच घरी गेला होता. कॉलिन पॉवेल: व्हिएतनामला गेलेला सैनिक, रेगन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, सेनाप्रमुखांच्या संयुक्त समितीचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष, आखाती युद्धाचा चेहरा. १९९५च्या शरदात चाचण्या त्यांना क्लिंटन यांच्या पुढे दाखवत होत्या. पॉवेल यांनी गर्भपाताच्या हक्काला आणि नोकरी-शिक्षणातल्या वर्णाधारित सवलतींना पाठिंबा सांगितला, तेव्हा वॉशिंग्टनमधल्या परंपरावादी संघटनांच्या पुढाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन उघड विरोध केला. ८ नोव्हेंबरला पॉवेल यांनी आपण उभे राहणार नाही असं जाहीर केलं. राजकारणाची ओढ आतून वाटत नाही, असं त्यांनी सांगितलं. देशाने ज्याला सगळ्यात पात्र मानलं होतं, त्याची वाट पक्षाच्या गाभ्याने त्याच्या विचारांवरून रोखून धरली. कीज यांचे विचार मात्र त्या गाभ्याला पसंत होते, पण देश त्यांना पात्र मानत नव्हता.

२०२४ च्या वेळी टिम स्कॉट यांच्याकडे शिडीच्या बऱ्याच पायऱ्या होत्या: काउंटी परिषद, राज्याचं विधिमंडळ, काँग्रेसचं कनिष्ठ सभागृह, सिनेट. सिनेटच्या खात्यातून सुमारे २ कोटी २० लाख डॉलर मोहिमेत आले. त्या वेळी वादचर्चेच्या मंचावर जाण्याची अट दर वेळी चढत होती: पहिल्या चर्चेला ४० हजार देणगीदार आणि चाचण्यांत १ टक्का, चौथ्या चर्चेला ८० हजार आणि ६ टक्के. स्कॉट तीन चर्चांना उभे राहिले आणि १२ नोव्हेंबर २०२३ ला थांबले, आयोवाची चिठ्ठी लिहिली जाण्यापूर्वीच. टेक्ससचे माजी काँग्रेस सदस्य आणि एकेकाळचे सीआयए अधिकारी विल हर्ड पहिल्या मंचावरही पोचले नाहीत. पक्ष देईल त्या उमेदवाराला पाठिंब्याची शपथ त्यांनी घेतली नाही, आणि आयोवातल्या लिंकन डिनरमध्ये ट्रम्प यांच्यावर बोलल्याबद्दल श्रोत्यांनी त्यांची हुर्यो केली. पण त्या वर्षी एक माजी अध्यक्ष रिंगणात होता आणि त्याच्यासमोर गोरे गव्हर्नरही वितळले. तेवढ्यावरून स्कॉट यांच्या रंगाबद्दल काही ठरवणं मला मान्य नाही.

आता ती शिडी. तिची एक पायरी गव्हर्नरपदाची, आणि २०२५ संपेपर्यंत कोणत्याही राज्यात एकही कृष्णवर्णीय रिपब्लिकन गव्हर्नर म्हणून निवडून आलेला नाही. निवडून आलेले कृष्णवर्णीय गव्हर्नर तीनच, वाइल्डर, मॅसॅच्युसेट्सचे डेव्हल पॅट्रिक आणि मेरीलँडचे वेस मूर, आणि तिघेही डेमोक्रॅट. म्हणून कृष्णवर्णीय रिपब्लिकन अध्यक्षपदाकडे येतो तो रुग्णालयातून, कंपनीतून, व्यासपीठावरून, आणि मग त्याच्याकडे राज्य चालवल्याचा अनुभव नाही असं म्हटलं जातं. अनुभव नाही हे खरंच असतं, पण तो मिळण्याची जागाच त्याला कधी मिळाली नाही हेही खरं.

आणि तिथे उमेदवारी नाकारली जाते असंही नाही. २००६ साली ओहायोत केन ब्लॅकवेल आणि पेनसिल्व्हेनियात लिन स्वॉन यांना रिपब्लिकनांनीच गव्हर्नरपदाचं तिकीट दिलं. इराक युद्धामुळे पक्षाविरुद्ध लाट असलेलं ते वर्ष होतं, दोघेही पडले. नॉर्थ कॅरोलायनात २०२४ मध्ये मार्क रॉबिन्सन, व्हर्जिनियात २०२५ मध्ये विन्सम अर्ल-सिअर्स, तिकीट दोघांनाही, पराभव दोघांचाही. रॉबिन्सन यांच्या बाबतीत त्यांची स्वतःची वक्तव्यं नडली. त्याच दिवशी ट्रम्प यांनी ते राज्य जिंकलं.

राहिले डॅनियल कॅमरन. २०२३ मध्ये ते केंटकीत गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, डझनभर जणांची प्रायमरी सहज जिंकून. म्हणजे चार वर्षांपूर्वी बेव्हिन ज्या ओळीत होते त्या ओळीत आता कॅमरन आले, समोर तेच बेशियर. आणि कॅमरननी रिकामी केलेल्या ॲटर्नी जनरलच्या ओळीत रिपब्लिकनांनी रसेल कोलमन या गोऱ्या वकिलाला उभं केलं. कोलमन ५८ टक्के घेऊन जिंकले, जवळपास तेवढेच जेवढे २०१९ मध्ये कॅमरनना मिळाले होते. कॅमरन साडेसत्तेचाळीस टक्क्यांवर थांबले, बेव्हिन यांच्यापेक्षा १.३ टक्क्यांनी मागे.